मालकाचा हप्ता आणि सिस्टरचा नळ

शिरूर तालुक्यातली वडिलोपार्जित जमीन २०२१च्या अखेरीस विकली गेली. वाटणीत प्रकाशदादा आणि नंदा, दोघा बहीणभावांच्या वाट्याला खर्च-देणी वजा जाता प्रत्येकी २५ लाख आले. वारसा कायद्यातल्या २००५च्या दुरुस्तीनंतर मुलीचाही हक्क मुलाइतकाच, त्यामुळं तिथं वाद झाला नाही. वाद झाला तो पुढं, या पैशाचं करायचं काय यावर. तोही वाद म्हणण्यापेक्षा दादानं बोलायचं आणि नंदानं ऐकायचं, असाच होता.

"बँकेत ठेवशील तर महागाई खाऊन टाकेल," दादा म्हणाला. "घर घे. भाडेकरू हप्ता फेडतो, वीस वर्षांनी घर आपलं. दुसऱ्याच्या पैशानं मालक व्हायचं, यालाच अक्कल म्हणतात."

घर घ्यायचं हे नंदालाही पटलं. मात्र दोघांनी ते घेतलं आपापल्या परीनं.

दादा पिंपरी-चिंचवडला एका कंपनीत. हातात पगार ९५ हजार. त्यानं पुनावळ्याला नव्यानं उभ्या राहणाऱ्या संकुलात टू बीएचके बुक केला. किंमत ७० लाख. बांधकाम चालू असलेलं घर म्हणून त्यावर ५ टक्के जीएसटी, म्हणजे साडेतीन लाख. मुद्रांक शुल्क तेव्हा ६ टक्के, म्हणजे ४ लाख २० हजार. नोंदणीचे ३० हजार. बँकेनं किमतीच्या ८० टक्के, म्हणजे ५६ लाख दिले. जीएसटी, मुद्रांक आणि नोंदणी मिळून ८ लाख झाले. त्यात स्वतःचे १४ लाख आणि पुढं किचन ट्रॉली, ग्रिल, पंखे, सोसायटीची अनामत धरली, तर जमिनीचे २५ लाख चाटूनपुसून संपले.

हप्ता ४३ हजार ४०० रुपये. "भाडं किती येईल?" हे दादानं विचारलं खरं, पण विचारलं ते विक्री कार्यालयात. तिथल्या टाय लावलेल्या पोरानं सांगितलं, "सर, तीस हजार कुठं गेले नाहीत." विकणाऱ्यानं सांगितलेलं भाडं दादानं हिशेबात जसंच्या तसं मांडलं, तेही वर्षाचे बारा महिने धरून.

नंदा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. शनिवारी दुपारी शाळा सुटली की ती एसटीनं चिंचवडला यायची. एजंटानं दाखवलेलं घर पाहून झालं की त्याला पुढं पाठवायची आणि त्याच इमारतीतल्या भाड्यानं राहणाऱ्या कुटुंबाचं दार वाजवायची. भाडं किती, पाणी किती वेळ, टँकर येतो का, लिफ्ट बंद पडली तर किती दिवसांनी सुरू होते, हे तिथंच कळतं. असं करत तिनं चिंचवडगावातल्या पंधरा वर्षं जुन्या सोसायटीतला वन बीएचके धरला. किंमत ३४ लाख. पुनर्विक्रीचं घर, म्हणून जीएसटी नाही. खरेदी बाईच्या नावावर, म्हणून मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट.

बयाणा द्यायच्या आधी तिनं वकिलाकरवी सर्च रिपोर्ट काढला. आधीच्या प्रत्येक खरेदीखताची साखळी, इंडेक्स टू, इमारतीचा पूर्णत्वाचा दाखला, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, थकबाकी नसल्याचं पत्र, विकणाऱ्याच्या नावावर कर्ज असेल तर ते फिटल्याचा बँकेचा दाखला, सगळं पाहिलं. दादा हसला. "अगं, वन बीएचके घेतेयस की शाळेची तपासणी करतेयस?"

कर्ज तिनं घेतलं फक्त १८ लाख, पंधरा वर्षांसाठी. हप्ता १६ हजार २००. स्वतःचे १६ लाख किमतीत घातले, मुद्रांक-नोंदणी, नळजोडण्या, वायरिंग आणि रंग यांना चार लाख गेले आणि पाच लाख बँकेत मुदत ठेवीत राहू दिले.

"हे पाच लाख का झोपवून ठेवलेस? आणखी मोठं घर आलं असतं," दादा म्हणाला.

"घर वर्षभर रिकामं राहिलं तरी हप्ता चुकता कामा नये," नंदा म्हणाली. "भाडं येईल तेव्हा येईल."

दादाला ही भित्रेपणाची लक्षणं वाटली.

२०२२च्या मे महिन्यापासून रिझर्व्ह बँकेनं रेपो दर वाढवायला सुरुवात केली. चार टक्क्यांवरचा दर फेब्रुवारी २०२३ पर्यंत साडेसहा टक्क्यांवर गेला. दोघांचीही कर्जं बदलत्या व्याजदराची. जे सात टक्क्यांनी घेतलं होतं, ते साडेनऊच्या घरात पोचलं. नंदाचा हप्ता साडेअठरा हजार झाला. दोन हजारांची झळ तिनं पगारातून सोसली. दादाच्या बाबतीत मात्र ५६ लाखांवर अडीच टक्के वाढले होते. बँकेच्या उताऱ्यावर त्यानं पाहिलं, तर हप्त्यातली जवळजवळ सगळी रक्कम व्याजातच जात होती, मुद्दल जागचं हलत नव्हतं. मुदत वाढवा नाहीतर हप्ता वाढवा, असं बँकेनं कळवलं. मुदत वाढवली असती तर कर्ज निवृत्तीनंतरही चालू राहिलं असतं. दादानं हप्ता वाढवला. ४३ हजारांचे ५२ हजार झाले.

याच दरम्यान घराचा ताबा मिळाला, २०२२च्या दिवाळीत. ताबा फक्त त्यालाच मिळाला असता तर ठीक होतं. त्या संकुलातल्या शेकडो सदनिका एकाच वेळी ताब्यात आल्या, आणि निम्म्याअधिक मालकांनी दादासारखाच विचार करून घर घेतलेलं. सगळ्यांच्या गॅलऱ्यांत एकाच आठवड्यात "भाड्यानं देणे आहे"च्या पाट्या झळकल्या. तीस हजारांचं भाडं पंचवीसवर आलं, पंचवीसचं बावीसवर. चार महिने घर रिकामं राहिलं. शेवटी मार्च २०२३ मध्ये २१ हजारांवर एक कुटुंब मिळालं. बाई एका खासगी रुग्णालयात परिचारिका, नवरा औषधांच्या दुकानात, मुलगी तिसरीत. सगळे तिला सिस्टर म्हणत.

सिस्टर पहिल्या तारखेला भाडं पाठवायची. घर लख्ख ठेवायची. पण चौथ्या महिन्यात न्हाणीघराच्या भिंतीतून ओल उतरली आणि स्वयंपाकघरातला नळ गळायला लागला. तिनं फोन केला. दादा म्हणाला, बघतो. पुढच्या महिन्यात पुन्हा फोन, पुन्हा बघतो. तो दुष्ट नव्हता. पण हप्ता ५२ हजार, भाडं २१ हजार, वर सोसायटीचा देखभाल खर्च साडेतीन हजार. दरमहा ३४-३५ हजार पगारातून भरताना प्लंबरनं सांगितलेले नऊ हजार त्याला डोंगराएवढे वाटत.

करसवलतीचीही त्याला मोठी आशा होती. जुलैमध्ये सीएनं ती मोडीत काढली. भाड्याच्या उत्पन्नातून महापालिकेला भरलेला कर आणि उरलेल्यावर ३० टक्के सरसकट वजावट मिळते, व्याजही वजा होतं. पण व्याज भाड्याहून जास्त असेल तर तो तोटा पगारातून वजा करायला जुन्या करप्रणालीत वर्षाला दोन लाखांचीच मर्यादा. नव्या प्रणालीत पगारातून काहीच वजा होत नाही. दादाचं वर्षाचं व्याजच पाच लाखांच्या वर.

अकरा महिने संपले. दादानं सिस्टरला फोन केला. "पुढच्या महिन्यापासून २६ हजार."

"साहेब, एकदम पाच हजार?"

"माझा हप्ता किती वाढलाय, कल्पना आहे का तुम्हाला?"

"हप्ता तुमचा वाढला," सिस्टर शांतपणे म्हणाली, "घर तर तेच आहे. नळही तसाच गळतोय."

महिन्याभरात ती रुग्णालयाच्या क्वार्टर्समध्ये राहायला गेली. जाताना भिंतीवरच्या ओलीच्या डागासाठी दादानं तिच्या अनामतीतून रंगाचे सहा हजार कापून घेतले.

मग घर तीन महिने रिकामं. मे २०२४ मध्ये एजंटानं चार तरुण आणले. २७ हजार द्यायला तयार. आधी कुठं राहत होते, नोकरी कुठली, काही विचारायच्या भानगडीत दादा पडला नाही. ५०० रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर मजकूर टंकून नोटरीचा शिक्का घेतला. "अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही," हे त्यानं पूर्वी कुठंतरी ऐकलं होतं. भाडेकरूंची माहिती पोलिसांत द्यायचं राहून गेलं. ऑगस्टपासून भाडं बंद झालं. फोन उचलेनासे झाले. दादा दाराशी गेला तर आतून उत्तर आलं, "अनामतीतून कापून घ्या."

पोलिसांनी सांगितलं, हा दिवाणी मामला. वकिलानं कागद पाहून कपाळाला हात लावला. "महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा १९९९, कलम ५५. करार अकरा महिन्यांचा असो की पाच वर्षांचा, लेखी हवा आणि नोंदवलेला हवा. नोंदवायची जबाबदारी मालकाची. न नोंदवल्यास मालकालाच तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि अटींवरून वाद झाला तर भाडेकरू म्हणेल ते खरं धरलं जातं, दुसरं सिद्ध होईपर्यंत. करार नोंदवलेला असता, तर मुदत संपल्यावरही घर न सोडणाऱ्याविरुद्ध सक्षम प्राधिकाऱ्याकडं जाता आलं असतं, दुप्पट दरानं भरपाई मागता आली असती. आता तडजोड करा."

जानेवारी २०२५ मध्ये तडजोडीनं घर रिकामं झालं. पाच महिन्यांचं भाडं बुडालं, अनामत वळती करूनही ८१ हजारांची खोट बसली. एजंटाची एक महिन्याची दलाली, वकिलाची फी, वीजबिलाची थकबाकी वेगळीच.

इकडं चिंचवडला नंदाच्या घरात एक तरुण तीन वर्षं राहिला. छत्तीस महिन्यांचा लीव्ह अँड लायसन्स करार, दर वर्षी भाड्यात पाच टक्के वाढ हे आधीच लिहिलेलं. नोंदणी ऑनलाइन, अंगठा आणि फोटो घरबसल्या. मुद्रांक शुल्क भाड्याच्या एकूण रकमेच्या पाव टक्का आणि महापालिका हद्दीत नोंदणी फी हजार रुपये. खर्च दोघांत निम्मा. करारासोबत घरातल्या वस्तूंची यादी, भिंतींचे फोटो, वीजमीटरचं रीडिंग. पोलिसांकडं भाडेकरूची माहिती त्याच आठवड्यात.

तिलाही अडचणी आल्याच. सोसायटीच्या सचिवांनी घर भाड्यानं दिलं म्हणून महिन्याला हजार रुपये जादा मागितले. नंदानं १ ऑगस्ट २००१चा शासन आदेश पुढं ठेवला: बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही, आणि सेवाशुल्कात महापालिकेचा कर धरायचा नाही. हजाराचे दीडशे झाले. गिझर जळाला, त्याच दिवशी तिनं माणूस पाठवला. मध्ये भाडेकरूची नोकरी गेली, तेव्हा दोन महिने भाड्यासाठी तगादा लावला नाही. लावायची गरज नव्हती. मुदत ठेव होती. त्यानं पुढच्या चार महिन्यांत सगळं चुकतं केलं. आणि बदली होऊन निघाला तेव्हा घर रिकामं सोडून गेला नाही. "मॅडम, माझ्या ओळखीच्या एक सिस्टर आहेत. क्वार्टर्स बंद होतायत, घर शोधतायत. माणसं चांगली आहेत."

फेब्रुवारीत करार नोंदवायचा ठरला. साक्षीदार दोन लागतात; नंदानं दादाला बोलावलं. नोंदणी करून देणारा मुलगा लॅपटॉप आणि अंगठ्याचं यंत्र मांडून बसलेला. दार उघडलं आणि आत आल्या त्या पुनावळ्याच्याच सिस्टर.

क्षणभर कुणीच बोललं नाही. मग सिस्टर हसून म्हणाली, "साहेब, नळ दुरुस्त झाला का?"

दादा ओशाळला. अंगठे झाले, फोटो झाले, चहा झाला. सिस्टर गेल्यावर त्यानं विचारलं, "नंदे, तिकडं टू बीएचके सोडून ही वन बीएचकेत यायला तयार झाली? चौदा हजारांत?"

"तिनं आल्याआल्या काय विचारलं ऐकलंस ना? बावीस हजार तिनं तुला दिले असते. नळ दुरुस्त केला असतास तर."

दादानं खिशातलं पेन काढलं आणि वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर आकडे मांडले. तीन महिने रिकामं घर, ६३ हजार. दलाली २७ हजार. बुडालेलं भाडं ८१ हजार. एक लाख ७१ हजार झाले. वकील, वीजबिल, रंग धरलेच नव्हते. समोर प्लंबरचे नऊ हजार.

"नऊ हजारही लागले नसते," नंदा म्हणाली. "ताबा घेतल्यापासून पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला तर तो फुकट दुरुस्त करून देणं बिल्डरवर बंधनकारक आहे, रेरा कायद्यात आहे. कळवल्यापासून तीस दिवसांत. एक अर्ज करायचा होता."

"मग तेव्हा सांगितलं का नाहीस?"

"तू विचारलंस कुठं? आणि दादा, तुला माहीत असतं तरी तू केलं नसतंस. नळाकडं बघायला माणसाचं डोकं थंड लागतं. तुझ्या डोक्यात पाच तारखेचा हप्ता होता. भाडं मागताना हप्ता, दुरुस्ती टाळताना हप्ता, त्या चार पोरांना न विचारता घरात घेतलंस तेव्हाही हप्ताच. घराचे निर्णय तू घेतच नव्हतास, तुझं कर्ज घेत होतं."

दादा बराच वेळ आकड्यांकडं बघत बसला. मग म्हणाला, "म्हणजे मी घर चुकीचं घेतलं?"

"घर ठीक आहे. कर्ज जास्त घेतलंस."

दादानं त्याच आठवड्यात बिल्डरला लेखी अर्ज दिला. ओल आणि नळ, दोन्ही फुकट दुरुस्त झाले. बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड वैयक्तिक कर्जदाराला पडत नाही, हे बँकेत विचारून घेतलं आणि दुसरी गाडी विकून ते पैसे मुद्दलात भरले. बोनसचंही तसंच केलं. पुढचं कुटुंब घरात घेताना आधीच्या मालकाला फोन केला, कंपनीचं ओळखपत्र पाहिलं, करार नोंदवला आणि भाडं बाजारात चाललं होतं तेवढंच, २२ हजार सांगितलं. हप्त्याचा विषय काढला नाही. त्याचं घर आजही महिन्याला खिशातून पैसे मागतं. ते आणखी काही वर्षं मागत राहील, कारण घेताना झालेली चूक सांभाळताना भरून काढता येते ती थोडीच.

कथेचं तात्पर्य असं की भाडं घर देत नाही, घरात राहणारा माणूस देतो. चांगल्या माणसाला टिकवायचं तर मालकाला वेळेवर नळ दुरुस्त करणं, रास्त भाडं मागणं, अडचणीत दोन महिने थांबणं आणि नको त्या भाडेकरूला नाही म्हणणं परवडलं पाहिजे. ज्याचा हप्ता भाड्यावर टांगलेला आहे, त्याला यातलं काहीच परवडत नाही. तो स्वभावानं कितीही सज्जन असला तरी कर्ज त्याला वाईट मालक करून सोडतं, आणि वाईट मालकाकडं चांगला भाडेकरू राहत नाही.

म्हणून भाड्यासाठी घर घेणार असाल तर बयाणा देण्याआधी स्वतःला तीन प्रश्न विचारा. भाड्याचा आकडा विकणाऱ्याकडून ऐकला की तिथं राहणाऱ्याकडून? व्याज अडीच टक्के वाढलं आणि घर सहा महिने रिकामं राहिलं, तर हप्ता कुठून भराल? आणि घेतल्यावर हाताशी किती उरेल? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर "काही नाही" असेल, तर ते घर घेऊ नका. लहान घ्या, नाहीतर थांबा.